रिमोटचा सेल घातला आणि प्लेअर सुरू झाला

मागच्या रविवारी नागपुरात धरमपेठेत आमचा जुना अप-डाऊनचा ग्रुप जमला होता. २००५ ते २०१० आम्ही सात जण सकाळी अजनीहून पॅसेंजर पकडायचो आणि सेवाग्राम-वर्ध्याला नोकरीवर जायचो. तर्री-पोहे झाले, चहा आला, आणि बँकेतल्या काकांनी खिशातून अंगठ्याएवढी एक काळी वस्तू काढून टेबलावर ठेवली. त्यांचा एमपी३ प्लेअर, २५६ एमबीचा. दिवाण आवरताना सापडला म्हणाले.

सेल आतच राहून फुटला होता. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर बसलेला. आमच्यातली एक मैत्रीण कॉलेजच्या लॅबमध्ये असते. तिने कापसाच्या काडीला लिंबाचा रस लावून स्प्रिंग घासली, कोरडी केली, यजमानांच्या टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढला आणि त्यात बसवला. बटण दाबून धरलं. निळा उजेड.

"अहो, चालू होऊन राहिला ना हा!" काका खुर्चीतून उठलेच.

इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. गाणं लागलं. पंधरा वर्षं दिवाणात पडलेल्या वस्तूने पहिल्या मिनिटाला गाणं दिलं.

त्याच आठवड्यात माझ्या फोनवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये मी जमवलेल्या यादीतली एकोणचाळीस जुनी मराठी गाणी राखाडी झाली होती. दाबलं की 'उपलब्ध नाही'. दर महिन्याला पैसे भरते मी त्या ॲपचे. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की हक्कांचे करार बदलत असतात. ते मला कळतं. पण काकांचा तो प्लेअर वाजताना ऐकून जे आत साचलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही: जी गाणी आपल्याला खरंच जवळची आहेत, ती फाइल म्हणून आपल्या घरात, आपल्या हाताशी असली पाहिजेत. भाड्याने ऐकायला माझी हरकत नाही, मीही ऐकते. फक्त त्याला 'माझी गाणी' म्हणणं मी आता सोडलंय.

हा झगडा या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. १९९८ मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीने एमपीमॅन काढला आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ पीएमपी३०० आला. रिओत ३२ एमबी जागा, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. साधी ६० मिनिटांची कॅसेट त्याच्या दुप्पट धरायची! तरी तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओची विक्री थांबवायला कोर्ट गाठलं. १९९९ मध्ये अपील कोर्टाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला. त्यातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. माणसाच्या कॉम्प्युटरवर आधीच असलेली गाणी त्याला सोबत नेता यावीत म्हणून हे यंत्र त्यांची प्रत करतं, आणि हा खाजगी वापर आहे, असं कोर्टाने म्हटलं. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या डबीपायी केवढी मोठी गोष्ट ठरली.

आपल्याकडे हे सगळं पाच-सहा वर्षांनी पोचलं. २३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलने ५ जीबीचा आयपॉड दाखवला. तो नागपुरात दिसायचा तो कुणाचा भाचा अमेरिकेहून आला तरच. त्याच्या माहितीपत्रकात ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरा असं लिहिलेलं असायचं. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे काय असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आमच्या ग्रुपमध्ये आले ते बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, 'मोदी नंबर' म्हणतात त्या गल्ल्यांमधून घेतलेले, बहुतेक चिनी, नाव नसलेले किंवा रोज नवं नाव असलेले प्लेअर.

शाळेतल्या सरांनी एक जीबीचा घेतला होता. सगळ्यांत मोठा म्हणून आम्ही कौतुकाने पाहायचो. कॉम्प्युटरला लावला की पूर्ण एक जीबी दाखवायचा. पण साठेक गाणी भरून पुढची टाकली की आधीचीच खराब व्हायची. एका गाण्यात मधेच दुसरं सुरू, नाहीतर नुसती खरखर. आत चिप २५६ एमबीचीच होती आणि आकडा खोटा लिहून ठेवला होता. सर दुकानात तीनदा गेले. चौथ्यांदा गेले नाहीत. मोजून साठ गाणी ठेवली आणि पाच वर्षं वापरला. मला त्यांचा तेव्हाही राग यायचा की तुम्ही सोडून का दिलंत. परवा पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "साठ गाणी पुरून राहिली होती ना मले."

लॅबमधल्या मैत्रिणीकडे हार्ड डिस्कचा प्लेअर होता, तिच्या दिराने बाहेरून आणलेला. दिसायला देखणा, हजारो गाणी मावायची. पण त्यात गाणं घालायला त्या कंपनीचंच सॉफ्टवेअर लागायचं आणि ते एकाच कॉम्प्युटरला ओळखायचं. दिराचा कॉम्प्युटर बिघडल्यावर तिने घरच्या कॉम्प्युटरला लावला. समोर आलेला प्रश्न नीट न वाचता 'हो' दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. चार वर्षांची जमवाजमव गेली. रविवारी हे सांगताना तिचा आवाज चढला होता. माझं म्हणणं आहे की चूक तिची नव्हती. स्वतःच्या वस्तूत स्वतःची गाणी ठेवायला दुसऱ्याची परवानगी लागावी, असं यंत्र बनवणाऱ्याची होती.

काकांचा आणि माझा प्लेअर त्या मानाने गरीब. पण केबल लावली की पेन ड्राइव्हसारखा उघडायचा. फोल्डर करा, फाइल ओढा, झालं. विदर्भात लोडशेडिंग होतं त्या वर्षांत तर रिमोटच्या सेलवर चालणं ही फार मोठी सोय होती. रात्री लाइट गेले की चार्जिंगवाल्यांची पंचाईत, आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सेल आणायचो. सायबर कॅफेत लावला की व्हायरस यायचा ही वेगळी कटकट. प्रत्येक फोल्डरच्या नावाची एकेक बनावट फाइल तयार व्हायची. आणि स्क्रीनवर देवनागरी उमटायचीच नाही, चौकोन यायचे. मराठी गाण्यांची नावं आम्ही रोमन अक्षरांत टाइप केली, आणि माझ्या कित्येक फाइलींना अजून ती वेडीवाकडी नावं आहेत.

गाणी यायची कुठून, हेही खरं सांगायला हवं. फुटपाथवर दीडशे गाण्यांची सीडी मिळायची, ती आम्ही सगळ्यांनी घेतली. गायक-वादकांना त्यातला एक पैसा मिळाला नाही. ते चूकच होतं आणि आज मी तसं करणार नाही. पण माझ्या प्लेअरमधली निम्मी गाणी विकत घेतलेल्या कॅसेटवरून मी स्वतः उतरवलेली होती. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडायची. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटं, त्यात घाई चालत नाही. मग एकेक गाणं कापायचं, नाव द्यायचं. कूलर सुरू-बंद झाला की रेकॉर्डिंगमध्ये टक्क असा आवाज यायचा, म्हणून हे काम मी दिवाळी ते होळी या दिवसांतच उरकायची.

मूळ रेकॉर्डिंग मिनिटाला दहा एमबी खायचं. एमपी३ केली की मिनिटाला एक. हे कसं जमतं ते मैत्रिणीने गाडीत बुटीबोरी येईस्तोवर समजावून दिलं होतं. मोठ्या आवाजाच्या सावलीत त्याच्या जवळचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या या स्वभावावर कित्येक वर्षं काम केलं. १२८च्या दराने, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट ठेवून, केलेली फाइल रेल्वेच्या खडखडाटात मला अगदी पुरेशी वाटायची. जागा वाचवायला सर ६४वर करायचे. त्यात तानपुऱ्याची जवारी पुसली जायची आणि टाळ्या वाजल्या की कढईत फोडणी तडतडल्यासारखं व्हायचं. ते मला कधीच सहन झालं नाही.

माझा प्लेअर १२८ एमबीचा, म्हणजे सव्वादोन तासांपेक्षा थोडी कमी गाणी. त्यामुळे दर रविवारी ठरवावं लागायचं की या आठवड्यात कोण जाणार आणि कोण राहणार. शिवाय तो फाइली नावाच्या क्रमाने वाजवत नसे, ज्या क्रमाने आपण भरल्या त्याच क्रमाने वाजवायचा. गाडी वेळेवर असली तर खापरीला कोणतं गाणं आणि सिंदीला कोणतं, हे मला पाठ झालं होतं. आज माझ्या फोनमध्ये कोट्यवधी गाणी उघडतात असं म्हणतात. त्यातलं एकही मला असं पाठ नाही.

भाचीचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, "मावशी, तुला नव्वद वर्षांपूर्वीची रेकॉर्ड दोन सेकंदांत मिळून राहिली, अजून काय पाहिजे?" खरं आहे. तिच्या वयाची असताना मला हे मिळालं असतं तर मी वेडी झाले असते. पण मिळणं आणि राहणं यात फरक आहे. ज्यांनी पैसे मोजून फाइली विकत घेतल्या, त्यांचंसुद्धा काय झालं बघा. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केलं की एमएसएन म्युझिक या आमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गाण्यांना परवानगी देणारे सर्व्हर आम्ही बंद करणार. म्हणजे कॉम्प्युटर बदलला की विकत घेतलेलं गाणं मुकं. ओरड झाल्यावर मुदत वाढवली, इतकंच. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जगभरातले मायक्रोसॉफ्टचेच ३० जीबीचे झून प्लेअर एकाच दिवशी गोठले, कारण लीप वर्षाचा ३६६वा दिवस त्यांच्या घड्याळाला समजला नाही. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. झूनवाल्यांना दिवसभरापुरतं मुकं राहावं लागलं. माझी एकोणचाळीस गाणी कधी परत येतील, हे मला कुणी सांगत नाहीये.

आता मूळ कारणाकडे येते, कारण ही पोस्ट मी थोडी स्वार्थाने लिहितेय.

रविवारी घरी आल्या आल्या मी माझा प्लेअर शोधला. शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डबीत होता. सेल काढून ठेवलेला, त्यामुळे स्प्रिंग स्वच्छ. नवा सेल घातला, सुरू झाला. आणि अकराव्या नंबरपासून सात फाइली भुलाबाईच्या गाण्यांच्या निघाल्या. १९८९ च्या कोजागिरीला महाल भागातल्या जुन्या घरी आई, आत्या आणि गल्लीतल्या बायका गात होत्या, टिपऱ्या वाजत होत्या, ती कॅसेट मी २००६ मध्ये उतरवली होती. कॅसेटला नंतर पावसाळ्यात बुरशी लागली. कॉम्प्युटरवरची प्रत २०१२ मध्ये हार्ड डिस्कबरोबर गेली. मोठ्या मूळ फाइली तर जागा हवी म्हणून मीच पुसल्या होत्या. आजवर मी धरून चालले होते की ते गेलं.

आई ८१ वर्षांची आहे. तिला इअरफोन लावून दिला. दुसऱ्या गाण्यात तिने हात वर केला आणि म्हणाली, "इथे तुझी आत्या चुकली बघ. तेव्हाही सांगितलं होतं मी."

या सात फाइली मला लवकरात लवकर बाहेर काढायच्या आहेत आणि तीन ठिकाणी ठेवायच्या आहेत: कॉम्प्युटरवर, वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि बहिणीच्या घरी. अडचण केबलची आहे. या प्लेअरला जुनी चार पिनांची बारकी यूएसबी केबल लागते. बर्डीत मोदी नंबर ३च्या गल्लीत तीन दुकानं पाहिली, सगळीकडे पाच पिनांची मिळते आणि ती बसत नाही. हेडफोनच्या भोकातून पुन्हा रेकॉर्ड करता येईल हे मला माहीत आहे, पण ती प्रतीची प्रत होईल. मला फाइल जशी आहे तशी हवी आहे.

तुमच्या घरात जुन्या कॅमेऱ्याच्या, जुन्या प्लेअरच्या केबलींचा गुंता असेलच. त्यात एक टोक नेहमीच्या यूएसबीचं आणि दुसऱ्या बारक्या टोकाच्या आत चार पट्ट्या, अशी केबल दिसली तर फोटो काढून इनबॉक्समध्ये पाठवा. नागपुरात कुठेही असाल तरी येऊन घेऊन जाईन, काम झालं की परत आणून देईन. प्लेअर सोबत घेऊनच येईन, म्हणजे बसते की नाही तिथेच कळेल.