राजाबाई कुठल्या राणीचं नाव नाही

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातला राजाबाई टॉवर इंग्रज सरकारने एका राणीच्या आठवणीसाठी बांधला, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. राजाबाई म्हणजे कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आई. ग्रंथालयापाठोपाठ मनोऱ्यासाठीही प्रेमचंदांनी 2 लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. विद्यापीठाच्या इतिहासात याची नोंद आहे. काम 1869 ते 1878 चाललं. आराखडा मात्र इंग्रजाचाच, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, तोही इंग्लंडमध्ये बसून काढलेला! वरच्या कोनाड्यांतले पुतळेसुद्धा राजाराणीचे नाहीत, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे आहेत. ओव्हल मैदानातून मान वर केली की दिसतात. तेव्हा तो मेसेज पुढे ढकलू नका, आणि ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासाही टाका.