निर्णय म्हणे स्थानिक होता

अमेरिकेतील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने एखाद्या सभासदाला बहिष्कृत केल्याची बातमी बाहेर आली की सॉल्ट लेक सिटीतील मुख्यालयाचे उत्तर ठरलेले असते: निर्णय स्थानिक पुढाऱ्यांचा आहे आणि तपशील गोपनीय आहेत. विवाहबाह्य संबंधांसारख्या प्रकरणांत ही गोपनीयता मलाही योग्य वाटते, कारण कुणाचे घरातले चव्हाट्यावर आणून कुणाचेच भले होत नाही. मात्र छापून आलेल्या लेखासाठी शिक्षा होते, तेव्हा हे उत्तर मला पटत नाही.

सप्टेंबर १९९३ मध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर कारवाई झाली. पाच जण बहिष्कृत झाले आणि एकीचे अधिकार गोठवण्यात आले. बहिष्कृतांपैकी लविना फील्डिंग अँडरसन या संपादिका होत्या आणि ‘डायलॉग’ नियतकालिकातील लेखात त्यांनी विचारवंत व चर्चचे नेतृत्व यांच्यातील संघर्षाच्या घटना तारीखवार नोंदवल्या होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बॉइड पॅकर या ज्येष्ठ प्रेषितांनी (चर्चच्या सर्वोच्च नेत्यांना तेथे प्रेषित म्हणतात) समलिंगी चळवळ, स्त्रीवादी चळवळ आणि तथाकथित विद्वान हे चर्चपुढचे धोके असल्याचे भाषणात सांगितले होते. सभासदांच्या टीकात्मक लेखनाची कात्रणे स्थानिक पुढाऱ्यांकडे पाठवणारी एक समिती मुख्यालयात आहे, हेही चर्चने १९९२ मध्ये मान्य केले होते. एवढे सगळे समोर असताना, वेगवेगळ्या पुढाऱ्यांना एकाच महिन्यात एकच गोष्ट आपापली सुचली, हे मानायला मी तयार नाही.

स्थानिक पुढाऱ्यांना दोष देण्यात मात्र फारसा अर्थ नाही. बिशप, म्हणजे या चर्चच्या स्थानिक मंडळीचा प्रमुख, हा आपली नोकरी-धंदा सांभाळून विनावेतन काम करणारा गृहस्थ असतो. सभासद ज्याच्यापाशी मन मोकळे करतात, त्याच्यावरच न्यायनिवाड्याची वेळ येते. खरे तर या चर्चच्या जुन्या नियमांत एक शहाणपण होते. ओहायोतील कर्टलंड येथे १८३४ मध्ये ठरल्याप्रमाणे न्यायनिवाडा करणाऱ्या स्थानिक परिषदेचे बारा सदस्य चिठ्ठ्या काढत आणि त्यांतील निम्म्यांनी आरोपीचा अपमान किंवा त्याच्यावर अन्याय होणार नाही हे पाहायचे असे. २०२० च्या नियमपुस्तिकेने या बारा जणांचा नेहमीचा सहभागच काढून टाकला.

(आपल्याकडच्या जातपंचायतींसारखे हे वाळीत टाकणे नव्हे. बहिष्कृताशी बोलू नका, असे हे चर्च सांगत नाही. प्रार्थनेलाही त्याला येऊ देते.)

अँडरसन तशाच येत राहिल्या. रविवारी प्रभुभोजनाच्या विधीत पावाचे तुकडे आणि पाण्याचे इवले पेले ठेवलेले तबक रांगेतून हातोहात फिरते. बहिष्कृताने त्यातले काही घ्यायचे नसते, सभेत प्रार्थना म्हणायची नसते, भाषण करायचे नसते. पंचवीसहून अधिक वर्षे त्यांनी हे निष्ठेने पाळले. अखेर २०१९ मध्ये त्यांच्या पुनर्बाप्तिस्म्याला, म्हणजे चर्चमध्ये परत घेण्याच्या विधीला, स्थानिक पुढाऱ्यांनी पाठिंबा दिला आणि सॉल्ट लेक सिटीतील सर्वोच्च अध्यक्षमंडळाने तो नाकारला. २०२३ मध्ये त्या बहिष्कृत असतानाच वारल्या.

बाहेर काढताना स्थानिकांचा शब्द अंतिम आणि परत घेताना त्याच स्थानिकांच्या शब्दाला किंमत नाही, ही व्यवस्था मला अप्रामाणिक वाटते. अपीलही अखेर त्याच अध्यक्षमंडळाकडे जाते. श्रद्धेच्या चौकटी ठरवण्याचा हक्क कोणत्याही पंथाला आहे आणि तो मी नाकारत नाही. पण निदान लेखनावरून कारवाई झाली, तर कोणते वाक्य आक्षेपार्ह होते आणि तक्रार कुणाच्या कार्यालयातून आली, हे त्या सभासदाला लेखी कळवायला हवे.