‘केवळ भावनिक’ म्हणजे नेमके काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एक मजकूर मोबाइलवरून सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : हा मराठीबहुल भाग कर्नाटकातून महाराष्ट्रात यावा, हा सीमाप्रश्न केवळ भावनिक आहे, त्याला कायद्याचा आधार नाही, तो विकासाच्या आड येतो आणि नव्या पिढीने त्याला मतपेटीतून निरोप दिला आहे.

यातले कायद्याविषयीचे विधान सरळसरळ चुकीचे आहे. राज्यघटनेच्या १३१व्या कलमाखाली महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. ‘महाजन अहवाल अंतिम’ असे त्याच मजकुरात ठणकावले आहे. पण सीमावादावर केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या त्या अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकात ठेवतानाच निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली होती, हे त्यात कुठेच येत नाही. अहवालातले सोयीचे पान तेवढे अंतिम मानणे ही कायद्याची भाषा खचितच नव्हे.

विकास आणि भावना यांचे वैर तर मला समजलेलेच नाही. २००६ मध्ये विधिमंडळाचे अधिवेशन बेंगळुरूहून बेळगावात आणले गेले, २०१२ मध्ये त्यासाठी तिथे बांधलेल्या सुवर्ण विधानसौध या इमारतीचे उद्घाटन झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव अधिकृतरीत्या ‘बेळगावी’ झाले. यांपैकी एकही निर्णय नळाच्या पाण्यासाठी घेतलेला नव्हता. ते भावनेचेच निर्णय होते, आणि कन्नड माणसाला आपल्या भाषेचा अभिमान वाटावा यात गैर काहीच नाही. मात्र सरकारने दगडामातीत उभी केलेली भावना ‘अस्मिता’ ठरते आणि त्याच १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून काळी फीत बांधणाऱ्या मराठी माणसाची भावना ‘भावनिकता’ ठरते, या दुजाभावाला माझी हरकत आहे.

मतपेटीचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये कर्नाटक विधानसभेवर दोन आमदार निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. समितीतल्या फाटाफुटीचा यात मोठा वाटा आहे, हे आपण मराठी भाषकांनीच कबूल केले पाहिजे. भावना भडकवून माणसे रस्त्यावर आणणे सोपे असते, हेही मान्य. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि बेळगावात इंग्रजांशी लढलेले कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची विटंबना झाली. दोन्ही कृत्ये सारखीच लाजिरवाणी होती. तथापि, उमेदवार पडला म्हणून मतदाराची भाषा बदलत नाही.

ही भावना येते तरी कुठून? आमच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये निघतो. वडिलांना तो वाचता येत नसे, म्हणून ते शेजारच्या कन्नड भाषक काकांकडे जात. काका चष्मा लावून एकेक ओळ मराठीत सांगत आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. दोन घरांत कधी वितुष्ट आले नाही. तरीही स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेताना वडिलांचा चेहरा उतरत असे, आणि त्यासाठी त्यांना कुणा पुढाऱ्याच्या भाषणाची गरज पडली नव्हती. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे तत्त्व केंद्र आणि राज्ये यांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. त्याच धर्तीवर उताराही मराठीत द्यायचा म्हटला, तर त्यासाठी एकाही गावाची हद्द बदलावी लागत नाही.