मेनूला रंग चढवण्याआधी त्याची परीक्षा घ्या

इन्फर्मेशन आर्किटेक्चरच्या, म्हणजे वेबसाइटवरची माहिती कशी मांडायची या विषयाच्या, परिषदेहून आलेली मंडळी उत्साहाने पहिलं काय करतात, तर कार्ड सॉर्टिंग: एकेका कार्डावर साइटवरचं एकेक काम लिहायचं आणि लोकांना त्यांचे गठ्ठे पाडायला सांगायचं. जरूर करा. पण तेवढ्यावर साइटचा मेनू ठरवून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

महापालिकेची वेबसाइट घ्या. कार्डं 30 ते 50, माणसं 15-20 पुरतात. कार्डं जास्त झाली की लोक कंटाळतात आणि उरलेली सगळी ‘इतर’मध्ये ढकलतात. शब्दांचीही गंमत होते. ‘पाणीपट्टी भरणे’, ‘परवाना शुल्क भरणे’, ‘दंड भरणे’ अशी कार्डं दिलीत तर ‘भरणे’ बघूनच गठ्ठा पडतो, विषयाचा विचार कोणी करत नाही. शब्द मुद्दाम वेगवेगळे ठेवा.

खरी अडचण पुढेच आहे. सॉर्टिंग करताना सगळी कार्डं समोर पसरलेली असतात. साइटवर दिसतात फक्त वरची पाच-सहा नावं. जन्मदाखला बऱ्याच ठिकाणी आरोग्य विभागाकडे असतो. कार्यालयाच्या दृष्टीने ते बरोबरच, पण बाळाचा दाखला हवा असलेला बाप ‘आरोग्य’वर कशाला क्लिक करेल?

म्हणून ट्री टेस्ट, म्हणजे नुसत्या मेनूच्या सांगाड्यात लोकांना वाट शोधायला लावणं. रंग नाहीत, चित्रं नाहीत, शोधपेटी नाही. नुसती नावांची उतरंड आणि आठ-दहा कामं. 40-50 लोक मिळाले तर आकड्यांवर विसंबता येतं. प्रश्नात मेनूतला शब्द येऊ देऊ नका. ‘नवीन नळजोडणी कुठे?’ विचारलंत तर लोक तोच शब्द हुडकतात. ‘नव्या घरात पालिकेचं पाणी हवंय, अर्ज कुठे कराल?’ असं विचारा.

निकालात शेवटी किती जण पोचले यापेक्षा पहिला क्लिक कुठे पडला ते आधी बघा. तो चुकला की बरेच जण भरकटतात. लोक दोन फांद्यांत निम्मे-निम्मे विभागले तर पान एका जागी ठेवून दुसरीकडून दुवा द्या. विभागप्रमुख कुरकुरतील, कुरकुरू द्यात.

आता शोधपेटी, कारण मेनूत हरलेला माणूस तिकडेच वळतो. ‘कचऱ्याची तक्रार’ यातला ‘ऱ’ कोणी थेट टाइप करतं, कोणी र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब). युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका साच्यात आणणं, या दोन्ही जुळवतं. पण र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) वापरून काढलेला अर्धा ‘ऱ’ दिसायला तसाच असूनही त्यातून निसटतो. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, आणि तो शोधाच्या इंडेक्सला (साइटवरच्या शब्दांच्या सूचीला) व टाइप केलेल्या शब्दांना, दोन्हीकडे लावावा लागतो.