त्या 'आंतरराष्ट्रीय नियमां'चं काय करायचं?

पूल, म्हणजे क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे बॉल खिशांत घालायचा खेळ. तो खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. वर ठळक अक्षरांत 'पूलचे आंतरराष्ट्रीय नियम, वाद घालू नये' आणि खाली पाच कलमं. पुण्यात कर्वेनगरपासून सिंहगड रोडपर्यंत पार्लरमध्ये पोरं मोबाईल काढून तो एकमेकांच्या नाकासमोर धरतायत. टेबलाचं बिल हरणाऱ्याने भरायचं असतं, त्यामुळे प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही.

आंतरराष्ट्रीय म्हणायचं तर वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनचे नियम बघायला हवेत. एट-बॉलपुरते (आपले बॉल संपवून शेवटी आठ नंबरचा काळा घालायचा, तो पूलचा प्रकार) ते ताडून पाहिले, तर पाचातलं एकही कलम धड उभं राहत नाही.

'ब्रेकमध्ये काळा गेला की गेम जिंकला.' नाही. ब्रेक (रचलेले बॉल फोडणारा पहिला शॉट) करणाऱ्याने काळा परत स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर ठेवून पुढे खेळायचं किंवा पुन्हा ब्रेक करायचा. सोबत क्यूने मारायचा पांढरा बॉलही खिशात गेला, तर ही निवड समोरच्याची. जिंकण्याचा नियम आला नाणं टाकून खेळायच्या टेबलांवरून. तिथे पॉट झालेला, म्हणजे खिशात गेलेला बॉल टेबलाच्या पोटात अडकतो, बाहेर काढून स्पॉटवर ठेवायची सोयच नसते.

'पांढरा गेला की समोरच्याला दोन चान्स.' हे लाल-पिवळ्या बॉलच्या इंग्लिश पूलचं. एट-बॉलमध्ये फाऊलनंतर पांढरा हातात मिळतो, टेबलावर कुठेही ठेवा. लाइनच्या, म्हणजे टेबलाच्या ब्रेक करायच्या टोकाकडच्या रेषेच्या मागून खेळायची अट फक्त ब्रेकवर फाऊल झाला तर. आपल्याकडे मात्र प्रत्येक फाऊलला लाइनच्या मागे ठेवायला लावतात आणि वर दोन चान्सही देतात. दोन खेळांची खिचडी, दुसरं काय!

'काळा मारताना पांढरा गेला की गेम गेला.' अर्धंच खरं. त्या शॉटमध्ये काळाही पॉट झाला, तर गेला. काळा टेबलावरच राहिला असेल तर तो साधा फाऊल, खेळ पुढे चालू.

चौथं कलम सगळ्यात जास्त भांडणं लावतं: 'पांढरा दुसऱ्या बॉलला चिकटला असेल तर त्याच्यापासून लांबच मारायचं, त्याच्या दिशेने मारलं की फाऊल.' हा नियम स्नूकर या पूलसारख्याच दुसऱ्या खेळाचा. आपल्या बहुतेक हॉलमध्ये स्नूकरचं टेबल शेजारीच असतं, जुने खेळाडू तिकडून आलेले, त्यामुळे तो नकळत पूलमध्येही शिरला. पूलमध्ये चिकटलेल्या बॉलच्या दिशेने सरळ मारता येतं, क्यूने पांढरा ढकलत नेला नाही म्हणजे झालं. खरी भानगड दोन बॉलमध्ये खडूच्या तुकड्याएवढी फट असते तेव्हा होते. क्यूचं टोक पुढे गेलेल्या पांढऱ्याला पुन्हा लागतं आणि तो फाऊल असतो. डोळ्यांना दुसरा स्पर्श दिसत नाही, तेव्हा पांढरा गेला कुठे ते बघायचं. समोरच्या बॉलला जवळजवळ मधोमध लागूनही पांढरा न थबकता त्याच्या मागोमाग तेवढ्याच वेगाने धावला, तर क्यू दोनदा लागलाच म्हणून समजा. म्हणून शॉटच्या आधी वाकून 'चिकटलाय की नाही' हे दोघांनी मोठ्याने कबूल करून घ्यावं. पाच सेकंदांचं काम आहे, पण आपल्याला नंतर पाऊण तास हुज्जत घालायची हौस.

पाचवं कलम: 'शंका असेल तर फाऊल धरावा, मार्करचा शब्द अंतिम.' नेमकं उलट आहे. पांढरा आपल्या आणि परक्या बॉलला जवळपास एकाच वेळी लागला आणि आधी कुठला ते सांगता येत नसेल, तर आपला आधी लागला असं धरतात. म्हणजे फायदा मारणाऱ्याचा. मार्करबद्दल, म्हणजे पार्लरमध्ये टेबलं सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे, पण तो बिचारा तेव्हा तिसऱ्या टेबलावर बॉल लावत असतो. न पाहिलेल्या शॉटचा निकाल तो देणार कुठून? शॉट अवघड दिसतोय तर आधीच थांबवून कुणाला तरी जवळ उभं करायचं. मारून झाल्यावर साक्षीदार गोळा करण्यात अर्थ नसतो.

शर्टाची बाही एखाद्या बॉलला लागली, या मुद्द्यावर मजकूर गप्प आहे, पण खाली कमेंटांमध्ये रामायण झालंय. रेफ्री नसलेल्या सामन्यात बहुधा फक्त पांढऱ्याचा स्पर्श फाऊल धरतात. दुसरा बॉल चुकून हलला तर तो परत जागेवर ठेवायचा की आहे तिथेच राहू द्यायचा, हे समोरचा ठरवतो.

पार्लरचे स्वतःचे नियम असू नयेत असं माझं म्हणणं नाही. ब्रेकवर काळा गेला की जिंकला, असं दोघांनी आधी ठरवलं असेल तर खुशाल खेळा. फक्त ते ब्रेकच्या आधी ठरलेलं असावं, काळा खाली गेल्यावर मोबाईलमधून बाहेर काढलेलं नसावं. आणि फाऊल मागायचा तर पुढचा शॉट मारला जाण्याआधी. त्यानंतर आठवला, तर तो झालाच नाही असं धरतात. बिल भरायच्या वेळी आठवला तर विचारूच नका.