२५२० बद्दलच्या त्या मेसेजचा खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: '१ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०. शोध रामानुजन यांचा. गुपित: ७ दिवस × ३० दिवस × १२ महिने.'

'एकमेव' हे साफ चूक. ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२० ची कुठलीही पट घ्या, भाग जातोच. २५२० त्यांतली सर्वांत लहान, इतकंच खरं. म्हणजे शाळेतला आपला लसावि! ८ साठी २ तीनदा लागतो, ९ साठी ३ दोनदा, मग ५ आणि ७ एकेकदा; ८ × ९ × ५ × ७ = २५२०. ६ आणि १० त्यातच आले. १ पासून एकेक संख्या वाढवत लसावि काढला तर १, २, ६, १२, ६०, ६०, ४२०, ८४०, २५२०, २५२० अशी क्रमिका मिळते. ११ आला की एकदम २७७२०.

रामानुजन यांचं नाव मात्र अगदीच हवेतलं नाही. आधीच्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर (१२, २४, ३६, ४८, ६०, १२०…) त्यांचा मोठा निबंध १९१५ साली छापून आला. त्या संख्यांत २५२० बसते, विभाजक ४८. पण लगेच पुढची ५०४० आहे आणि तिला ६०! शिवाय लसावि काढायची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या काळापासूनची.

७ × ३० × १२ हा गुणाकार बरोबर, अर्थ शून्य. आठवड्याचे दिवस महिन्याच्या दिवसांना गुणून मोजायचं तरी काय?

पुढे पाठवायचाच असेल तर 'एकमेव' खोडून 'सर्वांत लहान' करा, शोधाची ओळ काढा.