सोफ्यातले ब्रोमीन

गेल्या आठवड्यात आमचा जुना सोफा टाकून द्यायला काढला. कॅलिफोर्नियात नवे आलो तेव्हा एका कुटुंबाकडून तो वापरलेलाच घेतला होता. गादी उलटी केली, तर शिवणीत पांढरी चिठ्ठी अजून शाबूत होती: 'टेक्निकल बुलेटिन ११७' या राज्याच्या नियमानुसार बनवलेले. खोळीची चेन उघडली तेव्हा आतल्या पिवळ्या पडलेल्या फोमचा भुगा बोटांना चिकटला. आज कॉलेजात असलेली आमची मुलगी याच सोफ्याभोवती रांगत असे आणि तेच हात तोंडात घालत असे, हे आठवून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

१९७५ च्या त्या नियमाप्रमाणे फोमने लहानशा ज्योतीला १२ सेकंद तोंड द्यायचे होते. त्यासाठी वर्षानुवर्षे फोममध्ये 'पेंटा-बीडीई' हे ब्रोमीनयुक्त अग्निरोधक मिसळले गेले. फोमशी त्याचा रासायनिक बंध नसतो, त्यामुळे ते हळूहळू बाहेर पडून घरातल्या धुळीत उतरते, तिथून सांडपाण्यात, खाडीच्या गाळात आणि शेवटी प्राण्यांच्या चरबीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या सीलच्या चरबीत १९९० च्या दशकात या गटातल्या रसायनांचे प्रमाण दोन वर्षांच्या आत दुप्पट होत होते.

"इतक्या वर्षांत ते तुटून गेले असेल की," असे मला अनेकांनी समजावले. हा दिलासा मला मान्य नाही. टीव्हीच्या मागच्या प्लास्टिकमध्ये पूर्वी वापरले जाणारे याच कुळातले 'डेका-बीडीई' घ्या. त्याच्या रेणूत ब्रोमीनचे १० अणू असतात. रेणू इतका मोठा आहे की तो सजीवांच्या शरीरात फारसा शिरत नाही, असे त्याचे समर्थन केले जाई. पण ऊन लागले की त्यातले ब्रोमीन एकेक करून गळते, आणि प्राणवायू नसलेल्या गाळात काही जीवाणू तेच काम अतिशय संथपणे करतात. रेणूची मूळ चौकट मात्र तशीच राहते. चार-पाच ब्रोमीन उरलेले हे लहान रेणू मूळ रसायनापेक्षा सहज शरीरात शिरतात, चरबीत साठतात आणि अधिक अपायकारक ठरतात. मूळ रेणू किती दिवसांत निम्मा झाला एवढेच मोजले, तर कागदावर प्रदूषण घटते, प्रत्यक्षात ते रूप बदलून जास्त वाईट झालेले असते.

स्टॉकहोम करार हा दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या यादीत पेंटा २००९ मध्ये आले, डेका थेट २०१७ मध्ये. मधली आठ वर्षे मला अक्षम्य वाटतात. त्याहून संताप येतो तो पर्यायांचा. १९७० च्या दशकात मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून हटवलेले 'ट्रिस' हे क्लोरीनयुक्त अग्निरोधक पेंटा बंद झाल्यावर सोफ्यांच्या फोममध्ये सर्रास वापरले गेले. नव्या अग्निरोधकाला परवानगी देण्याआधी ते मोडल्यावर काय काय तयार होते, याचा हिशेब उत्पादकाकडून घेतलाच पाहिजे.

वापर थांबवल्याने फरक पडतो, हे स्वीडनने दाखवले आहे. तिथे १९७२ ते १९९७ या काळात आईच्या दुधात ही रसायने दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेली आणि वापर घटल्यावर प्रमाण उतरू लागले. कॅलिफोर्नियानेही २०१३ मध्ये ज्योतीची ती चाचणी रद्द केली.

आमचा सोफा अजून गॅरेजमध्येच आहे, फोम दोन जाड पिशव्यांत बांधून ठेवला आहे. पुरला तर त्यातले ब्रोमीन झिरपत राहणार, उघड्यावर जाळला तर ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन ही विषारी रसायने तयार होणार, आणि तो दुसऱ्या कोणाच्या रांगत्या मुलाच्या घरी मी देणार नाही.